आठ माणसं, चार सुऱ्या

सुरी निवडायला काय अक्कल लागते, असं मी भर बैठकीत बोललो होतो. हातात धरायची, अंगठ्याच्या नखावर धार बघायची, संपलं. शाळेत पंचवीस वर्षं पोरांना करवत, कानस आणि पक्कड शिकवतोय. मला कोण सुरी शिकवणार? त्या माजात मी आमच्या बचाव पथकाच्या सुऱ्या निवडल्या, आणि त्या निवडीपायी जेनिश गेला. एकोणतीस वर्षांचा जेनिश, ओमुरझाक-आकेंचा एकुलता एक मुलगा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कोणी उगाच आशा धरायला नको.

आमच्या अक्तेरेक गावाच्या वरच्या डोंगरात कोणी अडकलं, कोणी हरवलं, तर काराकोल शहरातून सरकारी माणसं येईपर्यंत अर्धा दिवस जातो. तेवढ्यात माणूस गारठून मरतो. म्हणून आम्ही आठ जणांनी पथक काढलं. पगार नाही, वर्दी नाही, घरच्यांच्या शिव्या मात्र पोटभर. म्होरके ओमुरझाक. तीस वर्षं जंगलखात्यात राखणदार होते, एकसष्टी उलटली तरी चढणीला आम्हाला मागे टाकायचे. त्यांना सगळं गाव आके, म्हणजे दादा, म्हणतं. मी शारशेन, पथकाचा सामान सांभाळणारा. दोऱ्या मोजायच्या, बॅटऱ्या बदलायच्या, कोणी काही हरवलं की बोंब मारायची, हे माझं काम.

दोन वर्षांपूर्वी काही परदेशी गिर्यारोहकांना आम्ही वरून उतरवलं होतं. त्यांनी सप्टेंबरात कळवलं की पथकाला सुऱ्या भेट देतो, दोन नमुने पाठवतोय, तुम्हीच निवडा. पंचायतीच्या मागच्या खोलीत बैठक बसली. शेगडी पेटलेली, दुधाचा चहा, परातभर तळलेले बोरसोक, आणि मधे टेबलावर ते दोन नमुने.

“हे बघा,” मी पहिला उचलला. “मिटला तर तळहाताएवढा. उघडला तर अख्खी कार्यशाळा. पक्कड, पातं, करवत, कानस, तीन पेचकस, डबे फोडायचं, बाटली उघडायचं...”

“बाटली उघडायचंही आहे?” बोलोत म्हणाला. आमची गाडी हाच चालवतो. “मग चर्चा कसली करताय? माझं मत पडलं.”

मोजली तर सतरा कामं निघाली. तेव्हापासून तिचं नावच पडलं, सतरावाली. सगळं अंग गुळगुळीत पोलादाचं, चांदीसारखं लखलखीत. खोटं कशाला बोलू, मी तिच्या प्रेमातच पडलो होतो.

दुसरी सुरी नारिंगी रंगाच्या जाड मुठीची. पातं आखूड, टोक चक्क बोथट, अर्ध्या धारेला दाते, पाठीवर पट्टा कापायची खाच. मुठीच्या भोकातून मनगटात अडकवायची दोरी. एवढंच.

“ही लोणी लावायची दिसते,” मी म्हणालो, आणि सगळे खो खो हसले.

आयसाल्किन तेवढी हसली नाही. ती जेनिशची बायको, दवाखान्यात नर्स, आणि पथकातली एकटीच बाई.

“मास्तर, टोक मुद्दाम बोथट ठेवलंय,” ती म्हणाली. “दोरीत अडकलेला माणूस स्वस्थ पडून राहतो का? तो हातपाय झाडतो. टोकदार पातं त्याच्या पोटात जाईल. आणि पत्र नीट वाचा. त्यांच्या रकमेत त्या चार येतात, नाहीतर या आठ. आपण आठ माणसं आहोत.”

“दोघांत एक पुरते.”

“कशावरून?”

“अगं, आपण जातोच जोडीजोडीनं. दोघांना एकदम सुरी लागायला काय मेंढी सोलायला चाललोय?”

पुन्हा हशा. पोरगी चिवट. तिनं खुंटीवरचे लोकरी हातमोजे काढले आणि माझ्यापुढे टाकले. “हे घाला, आणि तुमच्या लाडकीचं पातं उघडून दाखवा.”

मी घातले. पातं उघडायला नखाएवढी खाच, तीत मोज्याचं बोट कसलं शिरतंय! मी जोर लावला, दात लावले, शेवटी कानस बाहेर आली. जेनिश इतका हसला की त्याचा चहा परातीत सांडला.

“मोजे काढून उघडीन!” मी तडकलो. “देवानं मला हात दिलेत.”

“आयसाल्किन, सोड गं त्यांना,” जेनिश डोळे पुसत म्हणाला. “शाळेत यांनी पिळलेले माझे कान अजून दुखतायत. आता काय पुन्हा अंगठे धरून उभं करायचंय मला?” आणि सतरावालीसाठी हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यानंही हात वर केला. त्याला मोटारसायकलच्या दुरुस्तीला ती हवी होती. आयसाल्किननं त्याच्याकडे असं बघितलं की आम्ही म्हटलं, आज याला जेवण नाही.

आके शेवटी बोलले. “शारशेन हत्यारातला माणूस आहे. तो म्हणतो ते करू.”

झालं. चार सतरावाल्या आल्या. आके आणि मी, आमच्यात एक. ती मी बाळगायची. जेनिश आणि बोलोत, त्यांच्यात एक, ती बोलोतकडे. बाकीच्या दोन अशाच वाटल्या.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला शहाणपण सुचलं. नोव्हेंबरात सरावाच्या वेळी बोलोतच्या घरच्या सुरीचं टोक ताणलेल्या दोरीला नुसतं लागलं आणि दोरीचे चार पदर तुटले. मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून टाकलं: घरच्या टोकदार सुऱ्या मोहिमेवर नेऊ नयेत. खाली खिळे ठोकले. आमच्याकडे सुरीशिवाय घराबाहेर पडणारा पुरुष सापडायचा नाही, आकेंच्या कमरेला तर चाळीस वर्षं एकच सुरी. पण त्यांनी मुकाट्यानं काढून दिली, खिळ्याला टांगली. कमरेला हात लावून म्हणाले, “नागडं वाटतंय रे.” मी नियमावर बोट ठेवून उभा. शिस्त म्हणजे शिस्त!

फेब्रुवारीत निरोप आला. कोकसू नदीपलीकडच्या हिवाळी गोठ्यावर एका मेंढपाळाचा पाय मोडलाय. आयसाल्किनला दवाखान्यातून निघता येईना, दोघं शहरात गेलेले, एक आजारी. आम्ही चौघंच निघालो. दुपारची वेळ, आकाश स्वच्छ, थंडी मात्र हाडं फोडणारी.

नदी गोठलेली होती. आकेंनी काठीनं ठोकून ठोकून वाट काढली. बोलोत आधी गेला, पलीकडे पोचला, आणि गोठ्याकडची पायवाट शोधायला पुढे निघाला. मग जेनिश. त्याच्या मागे घसरगाडी, तिच्यावर स्ट्रेचर, घोंगड्या, शेगडी. गाडीचा पट्टा छातीवरून आडवा बांधलेला, बैलासारखा ओढत चालला होता. मधे पोचला आणि वळून ओरडला, “मास्तर, या गाडीत तुमचं पोट ठेवलंय काय? केवढी जड!”

बर्फ फुटला तो गाडीखाली. आवाजसुद्धा मोठा नव्हता. गाडी मागच्या मागे बुडाली, प्रवाहानं तिला बर्फाखाली ओढलं, आणि पट्ट्याबरोबर जेनिशलाही. तो छातीपर्यंत पाण्यात गेला, कोपरं बर्फाच्या काठावर रोवून अडकला. गाडी खालून त्याला खेचत होती आणि तो वर धरून होता.

आके धावले नाहीत. कमरेच्या दोरीचं दुसरं टोक त्यांनी माझ्याकडे फेकलं, मी ते काठावरच्या दगडाला बांधलं, आणि ते पोटावर सरपटत गेले. त्यांनी जेनिशची कॉलर दोन्ही हातांनी पकडली. बक्कल सोडवायचा प्रयत्न केला. ओझ्यानं ते घट्ट आवळलेलं, वर बर्फ चढलेला. त्या तरण्या पोराला आणि त्या मजबूत म्हाताऱ्याला मिळून ती गाडी वर ओढता येईना.

“अता,” जेनिश म्हणाला. बापाला तो अता म्हणायचा. “पट्टा कापा. पट्टा कापला की मी येतो वर.”

इतकं सोपं होतं ते. तीन बोटं रुंदीचा पट्टा. एक सुरी हवी होती, आणि ती माझ्या खिशात होती. मीही सरपटत गेलो. मोजे दातांनी ओढून काढले. पोलाद बोटांना चिकटलं, कातडी सोलली. पहिल्यांदा करवत निघाली. मग डबे फोडायचं निघालं. शपथेवर सांगतो, डबे फोडायचं निघालं तेव्हा मला रडू फुटलं.

“मास्तर, लवकर,” जेनिश म्हणाला. ओठ निळे पडले होते आणि तरी आवाज असा, जणू मी फळ्यावर चुकीचं काही लिहितोय आणि तो मला हळूच सांगतोय. “गार आहे हो.”

पातं निघालं. मी उघडलं, हात लांब केला. आकेंनी एक हात कॉलरवरून सोडला, माझ्याकडे वळवला. पाण्याचा आवाज, बर्फाचा कडकडाट. ते काहीतरी ओरडले. त्यांचा हात माझ्या हातापासून वीतभर होता.

आमच्याकडे सुरी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. नाहीतर त्या दोघांत वैर येतं म्हणतात. हे कोणी शिकवत नाही, पाटी-पेन्सिलच्या आधी अंगवळणी पडतं. मांस कापताना, भाकरी तोडताना, दिवसातून दहादा आम्ही तसंच करतो, आणि मनातसुद्धा येत नाही.

मी सुरी बर्फावर ठेवली.

बर्फ पाण्यानं भिजलेला, काठाकडे उतरता. गुळगुळीत पोलाद. ती घसरली. काही घाईनं नाही, सावकाश घसरली. आकेंनी हात मारला तोवर ती काठापाशी होती, मग नव्हती. जेनिशनं ती आपल्या छातीशेजारून पाण्यात जाताना बघितली. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही बघितलं. तेच तर मेलं सहन होत नाही.

मी बोलोतला हाका मारल्या. तो पलीकडून धावत सुटला, हातात दुसरी सतरावाली, तोही मोजे काढत, तोही खाचेत नख घालत. पंधरा-वीस पावलं उरली होती. आके दातांनी पट्टा तोडत होते. हो, दातांनी, त्यांच्या हनुवटीवर रक्त होतं. मग कोपराखालचा बर्फ तुटला. आकेंच्या मुठीत मेंढीच्या कातड्याच्या कॉलरचा तुकडा राहिला. मी त्यांचे पाय धरून पडलो होतो, नाहीतर दोरी सोडून तेही गेले असते. ते मला लाथा मारत होते, सोड म्हणून. मी सोडलं नाही. तेवढं एकच काम माझ्या हातांनी नीट केलं, आणि तेही त्यांना नको होतं.

दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर जेनिश सापडला. छातीवर पट्टा तसाच.

त्या मेंढपाळालाही आणलं. त्याचा पाय मोडलाच नव्हता, मुरगळला होता. तो काठी टेकत मातीला आला आणि दाराशी उभा राहून लहान पोरासारखा रडला. त्याला कोणी काही बोललं नाही. अंगणात मयताचा तंबू उभारला होता. आत बायकांचा आक्रोश, बाहेर आम्ही पुरुष काठ्यांवर वाकून टाहो फोडत होतो. आके माझ्या शेजारीच उभे होते. मला वाटलं, आता ते मला मारतील. मी वाट बघत होतो. मारा, थुंका, गावासमोर काढा माझे वाभाडे. त्यांनी माझ्या खांद्यावर घोंगडी सरकवली, कारण ती घसरत होती.

गावानं आपलं ठरवून टाकलं: मास्तरांची बोटं बधिर झाली, सुरी निसटली. काय करणार बिचारे! लोक मला धीर द्यायला घरी यायचे. आयसाल्किननंसुद्धा माझी सोललेली बोटं बांधून दिली. नवरा जाऊन नऊ दिवस झाले होते आणि ती माझ्या बोटांना मलम लावत होती. “थंडीत असं होतं, मास्तर,” म्हणाली.  निसटली म्हणू दिलं. बोटं बधिर नव्हती. मला त्या पोलादाचा प्रत्येक कंगोरा कळत होता. आणि आकेंशी माझं वैर? आलंच नाही. एक वाकडा शब्द नाही आमच्यात. वैर टाळलं आम्ही, शाबास!

एप्रिलमध्ये परदेशातून पुन्हा पत्र आलं. त्या लोकांना कळलं होतं. लिहिलं होतं, पुन्हा निवडा, जे हवं ते, प्रत्येकाला एक. तीच खोली, तीच शेगडी. भिंतीवर माझं हस्ताक्षर, खाली खिळ्यांना टांगलेल्या सगळ्यांच्या सुऱ्या. जेनिशची कोणी काढली नव्हती. आता आम्ही सात जण होतो.

“नारिंगी,” बोलोत खाली मान घालून म्हणाला. “याच्यात बोलायचं काय आहे?”

सगळ्यांनी माना हलवल्या. आयसाल्किन काळा रुमाल बांधून कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली नाही, की मी सांगत होते. एकदा म्हणाली असती तर बरं झालं असतं.

“ठरलं तर,” आके म्हणाले. “शारशेन, लिही त्यांना.”

आणि माझ्याच्यानं राहवेना. “नारिंगी आणा, नाहीतर सोन्याची आणा!” मी ओरडलोच. “काय फरक पडणार आहे? ती निसटली नव्हती. ऐकताय का? निसटली नव्हती! मी ठेवली. आके हात पुढे करून होते आणि मी ती बर्फावर ठेवली, चहाच्या वेळी टेबलावर ठेवतो तशी. जेनिशला मी मारलं. आणि दोन महिने आयसाल्किनच्या हातचं मलम लावून घेतलं.”

 मी आकेंकडे बघत होतो. मला शिक्षा हवी होती. इतके दिवस मी तिच्यासाठीच तडफडत होतो.

आकेंनी टेबलावरचं पत्र बाजूला सारलं.

“तू ठेवत नव्हतास,” ते म्हणाले. “तू हातातच देत होतास, शारशेन. मीच ओरडलो. खाली ठेव, म्हणून ओरडलो.”

खोलीत कोणाचा तरी पेला कलंडला. आणि मला आठवलं. पाण्याच्या आवाजातली ती हाक. ती मी ऐकली होती आणि ऐकल्याबरोबर केलं होतं, कारण आके सांगतात ते आम्ही करतो. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं असं, की आत्तापर्यंत एकट्याच्या डोक्यावर होतं ते आता दोघांच्या डोक्यावर आलं, आणि माझं तसूभरही कमी झालं नाही.

“माझा स्वतःचा मुलगा,” आके म्हणाले. “त्याची मान माझ्या हातात. आणि मला तुझ्याशी भांडण नको होतं.”

आयसाल्किन उठली. भिंतीपाशी गेली, खिळ्यावरून जेनिशची सुरी काढली. म्यानातून उपसली, उलटी धरली, पातं आपल्याकडे, मूठ सासऱ्याकडे. त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि हात लांब केला.

“घ्या, अता,” ती म्हणाली. “हातातून हातात. सगळ्यांना दिसू दे. आपण सगळेच शिकू. आधी तुम्ही घ्या.”

आकेंनी तिच्याकडे बघितलं. त्यांना घ्यायची होती. मी शेजारी होतो, मला दिसत होतं. मनगटाच्या शिरा ताठल्या होत्या, बोटं उघडत होती, मिटत होती. पण हात मांडीवरून उठेना. सून होती ती त्यांची. घरात आता तेवढी एकच उरली होती, आणि तिच्याशी वैर यायला नको होतं.

“घ्या ना,” ती म्हणाली. “अता, घ्या.” 

“बाळा,” आके म्हणाले, “मला नाही जमत.”

ती तशीच उभी राहिली.  मग तिनं सुरी टेबलावर ठेवली, आणि आकेंनी ती उचलली.